घोट्याखालचा आवाज

यंत्रातून नुसती खरखर येत होती, आणि तिच्याभोवती खोलीतली माणसे श्वास धरून बसली होती.

बिरागोने हातातली पेन्सिलीएवढी दांडी घोट्याच्या हाडामागे किंचित वर सरकवली, किंचित खाली, मग तिरपी केली. नानांच्या कातडीवर लावलेले जेल खिडकीतल्या उजेडात चकाकत होते. आवाज नाही. बाहेर अंगणात उद्याच्या आक्वासिदेच्या सणासाठी जमलेले कुळातले वडीलधारे बोलत होते. पण त्यांचे बोलणेही मध्येच तुटत होते, जणू भिंतीपलीकडून तेही कान लावून बसले होते.

कुमासीच्या इस्पितळात ती रोज हेच काम करी. कापायचे नाही, टोचायचे नाही. हातापायांच्या धमन्यांतून रक्त कसे धावते ते ध्वनिलहरींनी ऐकायचे आणि पट्ट्याच्या दाबाने मोजायचे. तिथे आवाज सापडेपर्यंत दांडी हलत राही, मन हलत नसे. इथे पाय तिच्या मामांचा होता. मामा म्हणजे अबुओसो गावाचे प्रमुख, ओवारे; प्रमुखाला सगळे नाना म्हणत. ज्या आसनावर ते बसत होते, त्यावर त्यांच्यानंतर बसायचे ते बहिणीच्या मुलाने. ती बहीण बिरागोची आई होती. तो मुलगा बिरागोचा सख्खा भाऊ होता. म्हणून या खोलीत तिने उच्चारलेला प्रत्येक आकडा आधी कुळातून फिरून मगच माणसांच्या कानी पडणार होता, हे तिला गाडीतून उतरतानाच कळले होते.

"यंत्र बिघडलंय का गं?" खिडकीशी टेकलेला आंत्वी म्हणाला. नानांचा हा मुलगा. कुमासीत गाड्या दुरुस्त करण्याचे मोठे दुकान त्याने स्वतःच्या हिमतीवर उभे केले होते. "आमच्याकडे अशी खरखर आली की आम्ही आधी वायर बघतो."

"यंत्र ठीक आहे."

"मग पाय बिघडलाय, असं म्हण की सरळ. त्यासाठीच आलीयेस ना?"

"आंत्वी, तोंड आवर," पोकुआ मामी म्हणाली. त्याची आई. ती नवऱ्याच्या पायथ्याशी जमिनीवर बसली होती आणि मघापासून तिने नानांच्या वहाणेवरची नजर हलवली नव्हती. तिच्या अंगाला कापराचा वास येत होता. नानांच्या अंगालाही. या घरात कापूर कधीपासून वापरू लागले, असा विचार बिरागोच्या मनात आला आणि दांडीबरोबर सरकून गेला.

मग तो सापडला. हाडाच्या मागे, खोल, चिखलातून कुणी पाय ओढावा तसा आवाज: एकच ठोका, लांबट, दमलेला. निरोगी पायात तीन सूर असतात, पुढे झेप, मागे उसळी, पुन्हा एक हलकी झुळूक. इथे झेप नव्हती, उसळी नव्हती. फूस, आणि मग शांतता. फूस, आणि मग शांतता.

"मिळाला," बिरागोची आई म्हणाली, आणि खुर्चीच्या पाठीला टेकली. आचिया, गावची राणीमाता. भावापेक्षा पाच पावसाळे मोठी आणि त्याला आसनावर बसवणारी. तिच्या तोंडून तो शब्द निघताच खोलीने श्वास सोडला.

बिरागोने घोट्याच्या वर बांधलेला पट्टा फुगवायला सुरुवात केली. हातातला दाब तिने आधीच मोजला होता, तो वयाच्या मानाने बरा होता. आता पट्टा पायाची धमनी आवळत जाईल, आवाज एका क्षणी बंद पडेल, आणि पट्टा सैल करताना जिथे तो परत येईल तो घोट्याचा दाब. पायाचा दाब हाताच्या जवळपास आला तर रक्त नीट पोचते आहे. अर्ध्यावर आला तर नाही. इतके साधे.

काटा दीडशेच्या पुढे गेला. आवाज चालू. दोनशे. फूस. दोनशे तीस. पट्टा कडक झाला, नानांच्या जबड्याची शीर तटतटली. अडीचशेच्याही वर, काटा पार टोकाला टेकला, तरी तो दमलेला आवाज बंद व्हायला तयार नव्हता.

बिरागोने फुगवणे थांबवले.

नानांच्या उजव्या हाताला त्यांचा ओच्यामे, शब्दवाहक दुआ, काठी टेकवून उभा होता. प्रमुखाशी थेट बोलायचे नसते. त्याच्याकडे जाणारा आणि त्याच्याकडून येणारा प्रत्येक शब्द ओच्यामेच्या जिभेवरून जातो, आणि जाताना धुतला जातो, सजवला जातो, दरबारात नेण्याजोगा केला जातो. दुआ हे काम बिरागोच्या जन्माआधीपासून करत होता. त्याने भुवई उंचावली. नानांना काय सांगू?

ती सवयीने बोलून गेली, इस्पितळात बोलते तशी, कोरडे. "नानांना सांगा, पट्टा शेवटपर्यंत आवळला तरी आवाज थांबत नाही."

दुआ नानांकडे वळला. त्याचा आवाज भरदार होता आणि दार अर्धवट उघडे होते. "नाना, आपली भाची सांगते आहे की तिने लोखंडाची सारी ताकद लावून पाहिली. पण आपल्या अंगातलं रक्त कुणाला दबत नाही. ते आपल्या पूर्वजांचं रक्त आहे, आणि ते चालतच राहतं."

अंगणात कुणीतरी समाधानाचा हुंकार दिला, आणि तो माणसामाणसांतून पसरत गेला. श्नाप्स दारूच्या बाटलीचे बूच निघाल्याचा आवाज आला. मोठ्या ढोलावर कुणी सहज दोन थापा मारल्या. कुणा वृद्धेने दुआचे वाक्य उचलून त्याला चाल लावली: रक्त दबत नाही, रक्त चालत राहते.

आंत्वी खिडकीशी मोकळेपणाने हसला. "ऐकलंस ना, बोआदू? अजून बरीच वर्षं शाळा सांभाळायचीय तुला."

दाराच्या चौकटीत उभा असलेला बोआदू, बिरागोचा थोरला भाऊ, कुमासीतल्या एका शाळेचा मुख्याध्यापक, शांतपणे म्हणाला, "चांगलीच बातमी आहे. मला शाळा आवडते."

बिरागोने पट्ट्यातली हवा सोडली. त्या सुस्काऱ्याखाली ती म्हणाली, "आई, ही बातमी चांगली नाही."

आईची मान हळूहळू वळली.

"आवाज थांबायला हवा होता," बिरागो म्हणाली. "तो थांबला नाही, म्हणजे आकडा निघालाच नाही. मामांची साखरेची व्याधी जुनी आहे. धमनीची भिंत आतून कडक झालीय, चुन्यासारखी. पट्टा ती दाबूच शकत नाही. आत रक्त किती आहे ते यातून काहीच कळत नाही."

"पण आवाज तर आला."

"आवाज वाईट आहे, आई. मी रोज ऐकते."

"वा," आंत्वी म्हणाला. त्याचे हसू गेले नव्हते, फक्त गार झाले होते. "आकडा कमी आला असता तर पाय खराब. आकडा जास्त आला तर आकडा खराब. तू कुणासाठी मोजतेयस, बिरागो? आणि तुला इथे बोलावलं कुणी? बाबांनी नाही. आईनं नाही. फोन बोआदूचा होता ना?"

"मीच केला," बोआदू म्हणाला. "मामा आहेत ते माझे."

"आमचे नुसते बाबाच आहेत. कूळ आईकडून येतं, म्हणून आम्ही परक्या कुळातले. उद्या आसनावर दुसरं कुणी बसलं की माझ्या आईला या घरातून गाठोडं बांधावं लागेल, तुझ्या आईला नाही. म्हणून विचारतो."

तो खरे बोलत होता. बिरागोला वाटले, भीतीलाही या घरात कुळ आहे. मामीची भीती वेगळी, आईची वेगळी, आणि त्या एकमेकींना ओळख देत नाहीत. तिची स्वतःची भीती तिला कुठेच मांडता येत नव्हती. लहानपणी थोरल्या नानांच्या, म्हणजे आजीच्या भावाच्या खोलीकडे मुलांना जाऊ देत नसत. दारावर ओला पडदा असे. त्यांचा पाय आसनावरच गेला आणि मागोमाग ते गेले. लोक म्हणाले, कुणाचा तरी तळतळाट. त्या पडद्याआडून येणारा वास तिला पुढे इस्पितळात, कामाच्या पहिल्याच आठवड्यात, पुन्हा भेटला होता. तेव्हा त्या वासाचे नाव तिला कळले, आणि ते तळतळाट नव्हते.

"आंत्वी," ती म्हणाली, "जुन्या गाडीचा रबरी पाइप बघितलायस? वाळून कडक झालेला?"

"रोज बघतो."

"बोटांनी दाबला तर दबतो?"

"नाही. दगड होतो त्याचा." तो बोलता बोलता थांबला. पुढचे वाक्य त्याच्या चेहऱ्यावर आधी आले, तोंडात मागून. "आणि आत गाळ साचून भोक सुईएवढं राहिलेलं असतं. वरून पाइप मजबूत वाटतो. इंजिन जळतं तेव्हा कळतं."

त्याने वडिलांच्या पायाकडे पाहिले, आणि खिडकीवरून हात काढून घेतले.

नानांनी डोळे मिटले होते. खांद्यावरचे जाड विणीचे वस्त्र श्वासाबरोबर वरखाली होत होते. तसेच डोळे मिटलेले असताना ते म्हणाले, "दुआ. तू बाहेर जा. दार लावून घे."

ओच्यामेने न ऐकल्यासारखे केले. असे कधी झाले नव्हते.

"नाना, मी गेलो तर आपला शब्द कोण..."

"आता जे बोलायचंय त्याला सजवायची गरज नाही. जा."

काठीचा टोला जमिनीवर घुमत घुमत दूर गेला. दार लागले. बाहेरचे गाणे मंद झाले, पण थांबले नाही. आता खोलीत प्रमुख नव्हता. एक म्हातारा होता, त्याची बहीण, बायको, मुलगा आणि दोन भाचरे.

"बोल, पोरी," मामा म्हणाले.

"मामा, एक विचारू? मिरवणुकीत तुम्ही छत्रीखाली चालता, तेव्हा थोडं चालून थांबता. डावीउजवीकडे बघता, हात वर करता. मग पुन्हा चालता."

"राजानं तसंच चालायचं असतं," आई म्हणाली. "ओवारेसारखी चाल आसपासच्या गावांत कुणाची नाही. लोक ती बघायला येतात."

"मी मामांना विचारतेय, आई."

मामांनी डोळे उघडले. "पोटरीत गोळा येतो," ते म्हणाले. "आधी झाडापर्यंत जाता यायचं. मग विहिरीपर्यंत. आता दारातून निघालो की येतो. थांबलं की जातो. थांबायला काहीतरी कारण लागतं, म्हणून मी माणसांकडे बघायला लागलो." किंचित हसले. "बघता बघता ती माणसं आवडायलाही लागली."

आचियाच्या हातातला रुमाल मांडीवर पडला. वर्षानुवर्षे तिने या चालीचे कौतुक गावोगाव केले होते; थकलेल्या पायाला सगळ्या गावाने डौल म्हटले होते, आणि तो शब्द देणारी पहिली तीच होती. बिरागोने आईकडे पाहिले नाही. काही चेहरे उघडे पडताना पाहू नयेत.

"रात्री दुखतो?"

"पलंगाखाली सोडून झोपतात," मामी एकदम म्हणाली, इतक्या हलक्या आवाजात की आंत्वीला पुढे वाकावे लागले. "लोंबता ठेवला की बरं वाटतं म्हणतात."

"पोकुआ," मामा म्हणाले.

"आता सांगू द्या मला."

बिरागोने पेटीतून दुसरा पट्टा काढला, मुलीच्या बांगडीएवढा, आणि त्याच्याबरोबर तांबड्या दिव्याचा चिमटा. "घोट्याची धमनी खोटं बोलते. अंगठ्यातल्या बारीक धमन्या सहसा इतक्या कडक होत नाहीत. हा पट्टा अंगठ्याला बांधते. त्या आकड्यावर विश्वास ठेवता येईल." ती थांबली. "वहाण काढावी लागेल."

सगळ्यांच्या नजरा वहाणेवर गेल्या.

प्रमुखाचा उघडा पाय भूमीला लागू देत नाहीत. त्याला पदच्युत करायचे तर भांडत नाहीत, लिहीत नाहीत. कुळातला कुणी पुढे येतो, त्याच्या पायातल्या वहाणा काढतो आणि पाय जमिनीला टेकवतो. तेवढे झाले की तो कुणीच राहत नाही. अबुओसोत शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असते. म्हणूनच बिरागोने घोट्याचे काम वहाणा पायात असतानाच उरकले होते, आणि म्हणूनच आता तिने हात स्वतःच्या मांडीवर ठेवले होते.

"त्यात काय," बोआदू म्हणाला. तो दारापासून पुढे आला, मामांपुढे गुडघ्यावर बसला आणि त्याने वहाणेच्या रुंद पट्ट्याकडे हात नेला. "मी काढतो."

"हात लावू नकोस."

आई ओरडली नव्हती. तिचा आवाज इतका खाली गेला होता की तो जमिनीतून आल्यासारखा वाटला. बोआदूचा हात हवेत थबकला. मामांनी पाय मागे घेतला नाही. ते भाच्याच्या डोक्याकडे, त्याच्या नीट विंचरलेल्या केसांकडे, कुतूहलाने पाहत होते.

"माझ्या लक्षात आलं नाही," बोआदू म्हणाला, आणि उठला.

खरेच आले नसेल, बिरागोने स्वतःला सांगितले. शहरात राहतो, पोरांच्या परीक्षांत बुडालेला असतो. पण लहानपणी आजीने ही गोष्ट सांगितली तेव्हा ती दोघे एकाच चटईवर होती, आणि गोष्ट पुन्हा सांग म्हणून हट्ट त्यानेच धरला होता. ही आठवण मनात आली तशी तिने ती ढकलून दिली. ती गेली नाही, कोपऱ्यात जाऊन बसली.

"मी काढते," पोकुआ मामी म्हणाली. "मी तुमच्या कुळातली नाही. माझ्या हातानं कुणी काही गमावत नाही."

तिने मेंढीचे कातडे पायाखाली नीट ओढून घेतले. मग एका हाताने टाच तोलून धरत दुसऱ्याने वहाण सोडवली, तान्ह्या मुलाचे अंगडे काढावे तशी. कापराचा भपकारा आला. त्याच्या खालून दुसरा वास आला, आणि बिरागोला ओला पडदा दिसला.

अंगठ्याशेजारचे बोट काळे पडले होते. शेंड्याशी कोरडे, कोळशासारखे. बुडाशी ओलसर, आणि मध्ये लाल रेषा. त्यावर शिया बियांच्या लोण्याचा लेप आणि कसल्याशा पाल्याचा चुरा.

"किती दिवस?" आंत्वीने विचारले. आईला की बापाला, ते कळले नाही.

"कापणीच्या आधीपासून," मामी म्हणाली. "मी रोज बांधते. कुणाला सांगू? तुझ्या आत्याला सांगितलं तर ती राणीमाता, तिला वडीलधाऱ्यांपासून लपवता येत नाही. तुला सांगितलं तर तू भांडत सुटणार. मी कापूर आणला."

आचिया उठली. ती पोकुआजवळ आली, आणि आजवर ज्या भावजयीला तिने कधी हाताने स्पर्श केला नव्हता तिच्या खांद्यावर तिने हात ठेवला. हात तिथेच राहिला.

बिरागोने इवलासा पट्टा अंगठ्याच्या बुडाशी गुंडाळला, टोकाला चिमटा लावला. यंत्राच्या पडद्यावर रेघ उमटू लागली. रक्ताचा प्रत्येक ठोका तिथे टेकडी होऊन दिसायला हवा. रेघ जवळजवळ सपाट होती. कुठे कुठे एखादी लहर, झोपेतल्या माणसाच्या पापणीसारखी. तिने पट्टा किंचित फुगवला. तेवढ्यानेही ती लहर विझली. तिने हवा सोडली आणि वाट पाहिली. बऱ्याच वेळाने, अगदी खाली, ती परत आली.

सव्वीस.

तिने पुन्हा मोजले. पुन्हा तेच. मग तिने पाय हातात घेऊन थोडा उचलून धरला; तळवा बघता बघता फिका, मेणासारखा झाला. खाली सोडला, तेव्हा हळूहळू गडद, सुजलेल्या फळासारखा जांभळट झाला. त्या बदलत्या रंगाकडे सगळे पाहत होते. आकड्यापेक्षा तो रंग त्यांना समजत होता.

"सांग," मामा म्हणाले.

"अंगठ्यापर्यंत रक्त पोचत नाहीये. हाताला जेवढा जोर आहे त्याच्या पाचव्या हिश्श्याएवढाही नाही. हे बोट आपोआप बरं होणार नाही, मामा. बांधून तर नाहीच." आपला आवाज स्थिर आहे याचेच तिला आश्चर्य वाटले. "इस्पितळात मोठं यंत्र आहे. त्यानं मांडीपासून पावलापर्यंत धमनी कुठे बुजलीय ते दिसतं. तेही वरूनच, काही टोचत नाहीत. जागा सापडली तर ती उघडता येते, किंवा बाजूनं वाट काढून देता येते. मग पाय वाचण्याची आशा आहे. पण बोट राहील असं मी म्हणणार नाही."

"आणि नाही गेलो तर?"

"थोरल्या नानांचं जे झालं ते."

बाहेर ती चाल आता बऱ्याच गळ्यांत गेली होती. रक्त दबत नाही. मामांनी मान कलती करून ऐकले, स्वतःची अंत्ययात्रा ऐकणाऱ्या माणसाने ढोलांची लय तपासावी तसे.

"अंगाला व्यंग आलेला माणूस आसनावर बसत नाही," ते म्हणाले. "बोट म्हणजे व्यंगच. वडीलधारे मला हाकलणार नाहीत. माझ्यासाठी रडतील, आणि मग मला शेतावरच्या घरी पोचवतील. मी तिथे दोन्ही पायांनी धडधाकट जगेन. गावाच्या तोंडातून माझं नाव मात्र पुसलेलं असेल. आचिया, खरं की नाही?"

"खरं," बहीण म्हणाली. "पण कुणी मागितलं तर. आसन रिकामं करायची घाई आपणहून कुणाला नसते, ओवारे. ज्याचा हक्क आहे त्यानं बोलावं लागतं. तो बोलला नाही, तर व्यंग वहाणेत राहतं. आपल्या आधीही कुणाकुणाच्या वहाणेत राहिलं असेल. आपण बघत नसतो."

हे बोलताना ती मुलाकडे पाहत नव्हती. पण वाक्य खोली ओलांडून त्याच्यापाशीच जाऊन उभे राहिले. बिरागोला कळले की आईने आत्ता, याच घटकेला, निवड केली आहे. आणि तिच्या पोटच्या दोघांपैकी एकाला ते कायमचे लक्षात राहणार आहे.

"दादा, तुझ्या नावानं मी शपथ घेतो," आंत्वी घाईने म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने बोआदूला दादा म्हटले होते. "मी तुझ्याविरुद्ध कधी एक शब्द काढणार नाही. तुझी वेळ येईल तेव्हा ढोल मी वाजवीन. गाडी बाहेर आहे. आत्ता निघू, सणबीण नंतर."

"थांब." मामा बसल्या जागी सरळ झाले. "बोआदू, इकडे बघ."

बोआदूने पाहिले.

"मी जाईन. उद्याचा सण अंगावर घेणार नाही, ताप आलाय म्हणून दुआ काय ते सांगेल. त्या यंत्राखाली पाय ठेवीन. तुझी बहीण म्हणेल ते करू देईन. मला मरणाची हौस नाही." त्यांनी उघड्या पावलाकडे पाहिले. "पण मी कुणीच नाही म्हणून परत यायची मला भीती वाटते, पोरा. मरणापेक्षा जास्त. म्हणून एवढंच सांग. बोट गेलं, आणि उद्या कुणी वडीलधाऱ्यांसमोर कुजबुजलं, तर तू, वारस, उभा राहून म्हणशील का, की मामा आहेत तोवर मला आसन नको?"

बिरागो पावलाजवळच बसून होती. चिमटा अजून अंगठ्याला होता. पडद्यावर ती सपाट रेघ सरकत होती. तिने भावाचा चेहरा वाचायचा प्रयत्न केला. त्यात द्वेष नव्हता. तो असता तर बरे झाले असते. तिथे फक्त एक फार जुने, फार शांत वाट पाहणे होते, जे तिला आजवर समंजसपणा वाटत आले होते.

"दादा," ती म्हणाली. "मामांनी तुला विचारलंय."

बोआदूने खांद्यावरचे वस्त्र सावरले. एकदा आईकडे पाहिले, आईच्या त्या हाताकडे, जो अजून पोकुआच्या खांद्यावर होता. जमिनीवर सोडलेली वहाण त्याच्या वाटेत होती. तिला स्पर्श होणार नाही अशा बेताने तो तिच्या कडेने गेला. दार उघडले. अंगणातले गाणे एका लाटेसारखे आत आले, आणि ते गाणाऱ्या माणसांमधून, दोन्ही बाजूंनी वळणाऱ्या चेहऱ्यांमधून, तो फाटकापर्यंत चालत गेला, ताठ, हलक्या पायांनी, एकदाही न थांबता.